आधी बॉल थांबवायला शिका

मी सातारा जिल्ह्यातली. सहावीत असताना सरांनी हातात हॉकीची स्टिक दिली, तोवर हा खेळ मी टीव्हीवरसुद्धा पाहिला नव्हता. पुढे अकरा वर्षं खेळले, महाराष्ट्राकडून ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेले. भारताची जर्सी मिळाली नाही. आता शाळेत मुलींना हॉकी शिकवते. दर जूनमध्ये कुणाची तरी आई विचारतेच, "मॅडम, हॉकीत पुढे काय?" तिच्यासाठी आणि तिच्या मुलीसाठी हे लिहिते आहे.

नव्या मुलीला जोरात हिट मारायची घाई असते. मलाही होती. आमचं मैदान मुरमाचं. बॉल खड्यावर आपटून कुठेही उडायचा, म्हणून आम्ही तो कसाबसा अडवायचो आणि त्यालाच थांबवणं म्हणायचो. नववीत एका निवड चाचणीसाठी पहिल्यांदा पुण्यातल्या बालेवाडीच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, उतरले. टर्फवर नुकतंच पाणी मारलेलं होतं. समोरून साधा पास आला आणि मी स्टिक टेकवेपर्यंत बॉल निघूनही गेला. दुसऱ्याचं तेच. तिसरा स्टिकला लागून तीन हात पुढे उडाला आणि समोरच्या मुलीनं अलगद नेला. निवड झाली नाही, आणि ती न होणं बरोबरच होतं.

गावी आल्यावर सरांनी शाळेमागची भिंत दाखवली. रोज दोनशे वेळा बॉल भिंतीवर मारायचा आणि परत आलेला जागच्या जागी थांबवायचा. डावा हात स्टिकच्या वरच्या टोकाशी, उजवा मध्यावर आणि सैल. स्टिक पुढे झुकलेली, आणि बॉल लागतानाच ती किंचित मागे घ्यायची. पुढेपुढे मला आवाजावरूनच कळायला लागलं. टक्क वाजलं की बॉल उडाला, ठप्प वाजलं की तो माझा. त्या ठप्पसाठी मला पावसाळ्याचे चार महिने लागले. पुढच्या वर्षी मी राज्य संघाच्या शिबिरात होते. माझ्याहून वेगानं पळणाऱ्या दोघी बाहेर राहिल्या होत्या, कारण पास त्यांच्या स्टिकवर टिकत नव्हता.

दोन गोष्टी मी उशिरा शिकले. शिबिरातल्या सामन्यांत तिसऱ्या क्वार्टरला, म्हणजे सामन्याच्या चारपैकी तिसऱ्या भागात, माझे पाय जड व्हायचे. मला वाटायचं, सराव कमी पडतोय, म्हणून आणखी पळायचे. शेवटी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन 9 निघालं, म्हणजे कमीच. मुलीला मैदानावर पाठवण्याआधी ही तपासणी करून घ्या, आणि पाळीबद्दल कोचशी मोकळेपणानं बोलायला तिला शिकवा. दुसरी गोष्ट माउथगार्डची, म्हणजे दात वाचवायला तोंडात लावतात त्याची. सरावात काय लागणार, म्हणून एकदा लावलं नाही आणि उडालेल्या बॉलनं पुढचा दात अर्धा तुटला. बॉल जेमतेम 160 ग्रॅमचा, पण दगडासारखा कडक असतो. महागडी स्टिक पहिल्या वर्षी नको. शिनगार्ड (नडगीचं संरक्षक) आणि माउथगार्ड मात्र पहिल्या दिवसापासून हवेत.

आता नोकरीचं. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. रेल्वेतही खेळाडू कोट्यातून भरती होते आणि भारतीय महिला संघातल्या कितीतरी जणी रेल्वेच्याच. पण मैदानावर कमावलेलं शेवटी कागदावर सिद्ध करावं लागतं. माझ्या एका प्रमाणपत्रावर आडनाव चुकीचं छापलं होतं. मी ते तसंच कपाटात ठेवलं आणि सहा वर्षांनी पडताळणीच्या वेळी दुरुस्तीसाठी महिनोन् महिने हेलपाटे घातले. प्रमाणपत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून नाव, जन्मतारीख, वयोगट आणि क्रमांक वाचा. चूक असेल तर बक्षीस समारंभ संपायच्या आत सांगा. कुठल्या पदाला कुठल्या दर्जाची स्पर्धा चालते ते शासन निर्णयात दिलेलं असतं, तो दहावीतच वाचून ठेवा. मी पदवीनंतर वाचला.

आणि हो, हा खेळ आपल्या मुलींचा नाही असं कुणी म्हणालं तर 1982 ची दिल्ली आठवा. आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती पुण्याची एलिझा नेल्सन. फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके 2023 मध्ये चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात होती. ऑगस्ट 2021 मधली ती सकाळ मला अजून आठवते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदकाच्या सामन्यात ब्रिटनविरुद्ध आपल्या मुली 0-2 वरून 3-2 अशा पुढे गेल्या आणि शेवटी 4-3 नं हरल्या. माझ्या शेजारी बसलेली सातवीतली विद्यार्थिनी रडत होती. संध्याकाळी मी मैदानावर गेले, तर ती एकटीच भिंतीसमोर उभी होती. लांबूनच आवाज येत होता. टक्क, टक्क, टक्क, आणि मग एकदा ठप्प.