क्लास लिहिताय? या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागला संध्याकाळी मी पोरांना सी प्लस प्लस आणि जावा या प्रोग्रामिंगच्या भाषा शिकवतो. बँक खात्याच्या उदाहरणाचा कंटाळा आला, म्हणून पहिला क्लास, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची फंक्शनं एकत्र बांधणारा साचा, हळदीच्या पोत्याचा लिहून घेतो: वजन, दर आणि रक्कम काढणारं फंक्शन. निम्म्या पोरांच्या घरी अडत्याची पट्टी येते, त्यामुळं हिशेब समजावावा लागत नाही. चुका मात्र दरवर्षी त्याच.

"सर, वजन क्लासमध्ये लिहिलंय, मग मेनमधून का चालत नाही?" कारण मेन, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो ते फंक्शन, क्लासच्या बाहेर असतं, आणि सी प्लस प्लसच्या क्लासमध्ये काही लिहिलं नाही तर मेंबर (क्लासमधला घटक, जसं वजन) प्रायव्हेट, म्हणजे फक्त आतून वापरायचा, धरला जातो. स्ट्रक्ट या क्लासच्या जुन्या भावात मात्र पब्लिक, म्हणजे सगळ्यांना खुला. १९७९ मध्ये सी प्लस प्लसचे कर्ते स्ट्रॉस्ट्रुप यांनी सी या जुन्या भाषेला क्लास जोडायला घेतले. सीच्या स्ट्रक्टमध्ये लपवणं नव्हतंच, ती सवय राहिली. जावात काही न लिहिलेला मेंबर त्याच पॅकेजातल्या (क्लासच्या गटातल्या) सगळ्यांना दिसतो. पायथन या भाषेत कुलूपच नाही. मेंबरच्या नावाआधी दोन अंडरस्कोअर लावले की नाव आतून बदलतं, एवढंच.

एरर आली की पोरगं सगळ्याला पब्लिक लावून मोकळं होतं. एरर जाते, आणि आठवड्यानं एका पोत्याचं वजन उणे पन्नास निघतं. कुठल्या ओळीनं केलं? अख्खा प्रोग्राम चाळा. हरिपूरची पेवं, हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, आठवा: हळद आत जायची आणि बाहेर यायची ती एकाच तोंडातून. वजन प्रायव्हेट ठेवा, बदलायला एकच फंक्शन द्या, आणि उणे आकडा तिथंच अडवा. तपासणी नसलेला सेटर, म्हणजे असं बदलणारं फंक्शन, लिहिलात तर वजन पब्लिकच, फक्त चार ओळी जास्त.

यात एक चोरवाट राहते, ती अनुभवी माणसालाही दिसत नाही. जावात पोत्यांची यादी प्रायव्हेट असते, पण गेटर (मेंबर वाचायला देणारं फंक्शन) तीच यादी परत देतो. घेणारा त्यात बाहेरूनच पोतं टाकतो किंवा काढतो. यादीची प्रत द्या.

रक्कम शून्य येतेय? कन्स्ट्रक्टर, म्हणजे पोतं तयार होताना चालणारं फंक्शन, बघा. पॅरामीटरचं (फंक्शनला बाहेरून दिलेल्या आकड्याचं) नावही वजन आणि मेंबरचंही वजन असेल, तर "वजन = वजन" ही ओळ पॅरामीटर पॅरामीटरमध्येच भरते. डावीकडं धिस लावा, म्हणजे 'या पोत्याचं' वजन होतं. सी प्लस प्लसमध्ये तर शून्यही येईलच असं नाही, काहीही आकडा येतो. तिथंच क्लासच्या शेवटी अर्धविराम विसरलात तर एरर भलत्याच ओळीवर दिसते.

आणि स्टॅटिक, म्हणजे एकेका पोत्याचं नाही तर अख्ख्या क्लासचं मिळून एकच. जावाचं मेन सहसा स्टॅटिक असतं, त्यामुळं त्यातून साधा मेंबर थेट वापरता येत नाही. एरर वाचून पोरं वजनालाच स्टॅटिक करतात. मग शंभर पोती केली तरी वजन एकच, शेवटी भरलेलं. अशी पट्टी घरी गेली तर वडील थेट अडत्याच्या पेढीवर भांडायला जातील. मेनमध्ये न्यू वापरून पोतं तयार करा आणि त्या पोत्याचं वजन विचारा.