लग्नाआधी ब्रिटनचा पार्टनर व्हिसा: पुरावे आजपासून जमवा

जोडीदार लेस्टरला, तुम्ही जुळे सोलापुरात, आणि लग्न अजून झालेलं नाही, तरी पार्टनर व्हिसाचा अर्ज करता येतो. पूर्वी दोन वर्षं एकत्र राहिल्याचं दाखवावं लागे. ३१ जानेवारी २०२४ पासून अट बदलली: लग्नासारखं नातं किमान दोन वर्षांचं असलं पाहिजे, एकाच छताखाली राहिलात असं नसलं तरी चालतं. आपल्याकडे अविवाहित जोडप्याला घर मिळणं किती अवघड आहे हे माहीत असल्यामुळे मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

पण वेगळे का राहता, याचं कारण अर्जात स्पष्ट लिहा. नोकरी, शिक्षण, घरच्यांचा विरोध, जे खरं असेल ते. मग दोन्ही वर्षं झाकली जातील असे पुरावे लावा: भेटींची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, एकमेकांना पाठवलेले पैसे, दर महिन्यातले थोडे कॉल आणि चॅट. हजार पानांचं चॅट कुणी वाचत नाही. गड्ड्याच्या यात्रेत दोघांच्या घरच्यांसोबत काढलेला एक फोटो, तारखेसह, शंभर सेल्फींपेक्षा जास्त बोलतो.

मराठीतला भाडेकरार किंवा दाखला असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा. क्षयरोग तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करा, प्रमाणपत्र सहा महिनेच चालतं.