मेंदूवैज्ञानिकाची सायटेशन मोजताय? या चुका टाळा

एखाद्या कॉग्निटिव्ह न्यूरोसायंटिस्टचं, म्हणजे स्मृती, अवधान यांसारख्या गोष्टी मेंदूत कशा घडतात हे अभ्यासणाऱ्याचं, काम किती वजनाचं आहे हे ठरवायला बरेच जण गूगल स्कॉलर हे शोधनिबंध शोधायचं संकेतस्थळ उघडतात, एच-इंडेक्स बघतात आणि मत बनवून मोकळे होतात. निवड समित्यांवरची जाणती माणसंही याला अपवाद नसतात. हा निर्देशांक २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी मांडला. एच-इंडेक्स ३० म्हणजे प्रत्येकी किमान ३० सायटेशन (इतर लेखनात घेतलेले संदर्भ) मिळालेले ३० पेपर. संशोधक निवृत्त झाला तरी जुन्या पेपरांच्या जिवावर हा आकडा वाढत राहतो, म्हणून नुकती पीएचडी झालेल्या माणसाची तुलना ज्येष्ठ प्राध्यापकाशी करण्यात काहीच अर्थ नाही.

पण त्याआधी प्रोफाइल तरी त्याच माणसाचं आहे का, हे तपासा. आडनाव आणि आद्याक्षर जुळलं की दुसऱ्याचे पेपर बिनदिक्कत आत शिरतात. स्मृती आणि अवधानावर एफएमआरआय (मेंदूच्या हालचाली टिपणारं स्कॅन) करणाऱ्याच्या यादीत मधूनच दातांच्या सिमेंटवरचा पेपर दिसला, तर समजून जा. उलटही होतं: लग्नानंतर आडनाव बदललं की स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमध्ये एकाच बाईंच्या दोन नोंदी तयार होतात आणि दोन्हीकडचा एच-इंडेक्स लहान दिसतो.

प्रोफाइल तुमचं स्वतःचं असेल तर परके पेपर काढून टाका आणि नवे पेपर आपोआप जोडण्याऐवजी आधी विचारण्याचा पर्याय निवडा. प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधी ऑनलाइन टाकलेला मसुदा) आणि छापील आवृत्ती वेगवेगळ्या दिसत असतील तर त्या एकत्र करा. समजा एच-इंडेक्स २० आहे, प्रीप्रिंटला १४ आणि छापील पेपरला १२ सायटेशन आहेत. सुटे असताना दोन्ही हिशेबाबाहेर, जोडले की पेपर २० च्या वर जाऊ शकतो. स्कोपसमधल्या दुहेरी नोंदींसाठी एकत्रीकरणाची विनंती पाठवता येते. आणि पेपर पाठवताना १६ अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाची स्वतःची कायमची ओळख) द्यायला विसरू नका, पुढचा निम्मा त्रास वाचतो.

एकाचा आकडा स्कॉलरमधून आणि दुसऱ्याचा वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या डेटाबेसमधून घेणं ही तर हमखास होणारी गफलत. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, पुस्तकं सगळं मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा सहसा मोठाच असतो.

सगळ्यात मोठा चकवा पेपरच्या प्रकाराचा. सायकोफिजिक्स टूलबॉक्सवरचा १९९७ चा पेपर घ्या. प्रयोगात पडद्यावर चित्रं दाखवायला ही प्रणाली वापरणारा जवळजवळ प्रत्येक जण तो उद्धृत करतो. आकडा प्रचंड, आणि उपयुक्तता खरीच. पण तो मेंदूबद्दलचा शोध नव्हे. आढावा लेखांचंही तसंच. मोठ्या कन्सोर्टियमचे (अनेक संस्थांनी मिळून केलेले) पेपर आणखी फसवे: शेकडो लेखकांच्या रांगेत मधेच कुठेतरी असलेल्या नावालाही पूर्ण सायटेशन मिळतात. या क्षेत्रात प्रत्यक्ष राबलेला माणूस सहसा पहिल्या नावावर असतो आणि प्रयोगशाळेचा प्रमुख शेवटच्या. आधी ती दोन टोकं बघावीत.

सायटेशन म्हणजे शाबासकी नव्हे. टीका करायची तरी मूळ पेपर उद्धृत करावाच लागतो. अल्झायमरमधल्या स्मृतिऱ्हासाशी एका प्रथिनाचा संबंध जोडणारा नेचरमधला २००६ चा पेपर चित्रांत फेरफार आढळल्याने २०२४ मध्ये मागे घेतला गेला. तोवर तो दोन हजारांहून अधिक वेळा उद्धृत झाला होता, आणि मागे घेतल्यानं सायटेशन पुसली जात नाहीत.

जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर माणसाला चिकटवू नका, तो जर्नलच्या आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी आहे. माणसं जोखायला तो वापरू नये, असं संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दल २०१२ मध्ये तयार झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यानं स्पष्ट सांगितलंय, तरी सवय सुटत नाही.

मग बघायचं काय? माझ्या मते, त्या व्यक्तीचे पहिल्या किंवा शेवटच्या नावाचे तीन पेपर काढा आणि आधी सहभागींची संख्या वाचा. न्यूरोसायन्समधल्या अभ्यासांची सांख्यिकीय ताकद (खरा परिणाम असेल तर तो पकडण्याची शक्यता) मध्यकानुसार जेमतेम २१ टक्क्यांच्या आसपास असल्याचं २०१३ च्या एका गाजलेल्या विश्लेषणात दिसलं होतं. लहान नमुन्यावरचा पेपरही शेकडो वेळा उद्धृत झालेला असू शकतो. तो प्रयोग कोणी पुन्हा करून पाहिलाय का, हे शोधायला स्कॉलरवर ‘सायटेड बाय’ उघडा, फक्त त्या यादीत शोधण्याच्या चौकटीवर खूण करा आणि ‘रेप्लिकेशन’ (प्रयोगाची पुनरावृत्ती) हा शब्द इंग्रजीत टाका.