जर्मनमध्ये आडनाव लिहिताना

जर्मनच्या बी-वन पातळीपर्यंत शिकून जर्मनीत येणाऱ्यांना डेअर-डी-डास या आर्टिकलांचे तक्ते तोंडपाठ असतात, पण वाक्यात कुणाचं आडनाव आलं की हात अडखळतो. इथे नोकरीत रोजची मेल्स कुणा ना कुणाच्या आडनावानेच सुरू होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रमाण जर्मनमध्ये नुसत्या आडनावाआधी आर्टिकल लागत नाही. 'फ्राउ हुबर' (हुबरबाई) द्वितीयेत आणि चतुर्थीतही 'फ्राउ हुबर'च. बदलतो तो 'हेर', म्हणजे श्री. एकवचनात प्रथमा सोडली की त्याचा 'हेर्न' होतो: 'इश हाबं मिट हेर्न हुबर गेश्प्रोखन' (मी हुबरांशी बोलले). भरभर बोलताना हा 'न' जेमतेम ऐकू येतो, त्यामुळे लिहिताना हमखास गळतो, आणि वाचणाऱ्याला लगेच खटकतो. पाकिटावरचा पत्तासुद्धा 'हेर्न'नेच सुरू होतो. त्याच्याआधीचा 'आन' (म्हणजे 'प्रति') आता लिहीत नाहीत, पण त्याने आणलेली द्वितीया राहिली आहे. मायन्यात मात्र 'झेअर गेएअर्टर हेर हुबर' (माननीय श्री. हुबर), तिथे 'न' नको. बाकीचं इथे आल्यावर शिकलात तरी चालेल, 'हेर्न' मात्र निघण्याआधीच पक्का करा.

म्युनिकच्या ऑफिसात फोन लावलात तर ऐकू येईल, 'डेअर हुबर इस्ट हॉइटं निष्ट डा', म्हणजे हुबर आज नाहीत. दक्षिण जर्मनीत आणि ऑस्ट्रियात बोलताना नावाआधी आर्टिकल लावायची सवयच आहे, त्यात अनादर नसतो. उत्तरेकडे तेच कानाला खटकू शकतं. बाईंच्या आडनावाआधी नुसतं 'डी' लावून लिहिलं तर ते अनेकांना तुच्छतेचं वाटतं, आणि मलाही ते आवडत नाही. ऐकून समजून घ्या, ऑफिसच्या मेलमध्ये लिहू नका.

विशेषण आलं की मात्र प्रमाण भाषेतही आर्टिकल हवंच: 'डेअर आल्टं हेर हुबर' (म्हातारे हुबर), 'मिट डेम आल्टन हेर्न हुबर' (म्हाताऱ्या हुबरांबरोबर). ऑफिसात दोन म्युलर असतील तर 'अकाउंट्सवाले म्युलर' सांगतानाही ते येतं.

षष्ठीत नाव आधी आलं तर त्याला 'स' जोडायचा: 'हेर्न हुबर्स ब्यूरो' (हुबरांचं ऑफिस), 'गटेस वेर्कं' (कवी गटेचं साहित्य). पण आर्टिकलने षष्ठी दाखवली की नाव कोरं राहतं: 'डास ब्यूरो डेस हेर्न हुबर', 'डी वेर्कं डेस युंगन गटे' (तरुण गटेचं साहित्य). इंग्रजीच्या सवयीने 'स'च्या आधी अपॉस्ट्रॉफी टाकू नका. दुकानांच्या पाट्यांवर ती दिसते आणि जर्मन शुद्धलेखनाच्या 2024 च्या नियमावलीत तशा नावांपुरती तिला मुभाही आहे, पण तुमच्या वाक्यात ती चूकच.

अख्ख्या कुटुंबाबद्दल बोलताना 'डी म्युलर्स', त्यांच्याकडे म्हणजे 'बाय म्युलर्स'. आपण 'जोश्यांकडे' म्हणतो तितकं सहज. आपली बहुतेक आडनावं या साच्यात नीट बसतात: 'डी जोशीस', 'फ्राउ देशपांडेस ब्यूरो'. अडचण येते ती फर्नांडिस, गोम्स, राजहंस अशा 'स'ने संपणाऱ्या नावांची. तिथे षष्ठीत आणखी 'स' न लावता नावानंतर फक्त अपॉस्ट्रॉफी देतात. ती ऐकू येत नाही, म्हणून बोलताना 'डास ब्यूरो फॉन हेर्न फर्नांडिस' म्हणणं सोयीचं. कुटुंबासाठी सरळ 'फामिलिए फर्नांडिस' (फर्नांडिस कुटुंब) लिहा. मग विभक्तीचा सगळा भार 'फामिलिए'च्या आर्टिकलवर जातो, जसं 'डास हाउस डेअर फामिलिए फर्नांडिस' (फर्नांडिस कुटुंबाचं घर), आणि आडनावाला हात लावावा लागत नाही.