गुगलवर आमदाराची खिल्ली उडवताय? या चुका टाळा

मार्च सरला, नळाला पाणी सुटायचे दिवस लांबले, की लातूर-परभणीकडच्या एखाद्या ग्रुपवर फर्मान निघतं: ‘सगळ्यांनी गुगलवर टँकरसम्राट टाका, साहेबांचं नाव वर आलं पाहिजे!’ पोरं रात्रभर टाकत बसतात. होत काहीच नाही.

पहिली चूक तीच. नुसतं शोधत बसल्यानं निकाल वर येत नाहीत. 2003 मध्ये ‘मिझरेबल फेल्युअर’ शोधलं की जॉर्ज बुश यांचं व्हाइट हाउसच्या साइटवरचं चरित्र यायचं. त्या पानावर हे शब्दच नव्हते. पुष्कळ ब्लॉगवाल्यांनी आपापल्या साइटवर हे दोन शब्द लिहून त्यांवर त्या पानाची लिंक दिली होती आणि गुगल लिंकवरचे शब्द वाचून ते पान त्याबद्दलचंच आहे असं धरायचं. जानेवारी 2007 मध्ये गुगलनं ही वाट बऱ्यापैकी बुजवली. आता तोच डाव टाकणं म्हणजे वेळ घालवणं.

व्हॉट्सअ‍ॅपचे फॉरवर्ड तर गुगलला दिसतच नाहीत.

स्क्रीनशॉटवरही लगेच नाचू नका. दिवसभर तेच शोधलेल्या तुमच्या फोनवर निकाल वेगळा दिसू शकतो. ब्राउझरची इन्कॉग्निटो म्हणजे खासगी विंडो उघडा, पुण्यातल्या मावसभावालाही बघायला सांगा. मगच ग्रुपवर टाका.

टिकलं ते वेगळंच. अमेरिकेचे तेव्हाचे सिनेटर रिक सँटोरम यांच्या समलिंगीविरोधी वक्तव्यांवर चिडून स्तंभलेखक डॅन सॅव्हेज यांनी 2003 मध्ये वाचकांकडून ‘सँटोरम’ या आडनावाला एक अश्लील अर्थ मिळवला आणि त्या अर्थाची साइटच सुरू केली. ती वर्षानुवर्षं निकालात वर राहिली, कारण तिथं वाचायला खरंच काहीतरी होतं. अश्लीलपणा मला पटत नाही, पण युक्ती बघा: दुसऱ्याच्या पानावर लिंका मारण्यापेक्षा स्वतःचं पान उभं करा. दहा रुपये भरून माहिती अधिकारात टँकरच्या खेपांच्या नोंदी मागा. कागदावर रोज चार खेपा आणि वेशीवर दोनच उतरत असतील, तर तो कागद आणि तारखेसह फोटो शेजारी शेजारी लावा. याहून मोठी टिंगल कोणती? गुत्तेदारही वाचेल.

पण जात, बायको, लेकरं यांना हात लावू नका. ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ लिहिण्यावर शिक्षा ठेवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ कलम 2015 मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केलं, तरी बदनामीचा गुन्हा कायद्यात आहेच. पुरावा नसेल तर चोर म्हणू नका.

आणि पानाच्या शीर्षकात ‘टँकरसम्राट’ एकटाच नको. गावाचं, तालुक्याचं नाव आणि ‘पाणीपुरवठा’ हा शब्द घाला. लोक शोधतात ते हेच.