लिव्हर कॅन्सरचं संशोधन वाचताना आधी फाइल उघडा

घरात कोणाला लिव्हरचा कॅन्सर निघाला की फोनवर बातम्यांचा पाऊस सुरू होतो. नवं औषध आलं, लस आली, कुठल्याशा देशात एकाची गाठ आपोआप विरली. मी पुण्यात कॅन्सरच्या ट्रायल्सवर कोऑर्डिनेटर म्हणून काम करते. औषधं शोधणारी मी नव्हे. पेशंटचे कागद चाळून हा माणूस ट्रायलमध्ये बसतो का, एवढं बघणारी. तरीही नात्यागोत्यातले सगळे लिंका मलाच पाठवतात आणि खाली एकच ओळ असते, ‘हे आपल्या काकांना चालेल का गं?’

त्याचं उत्तर बातमीत सापडत नाही, काकांच्या फाइलीत सापडतं. म्हणून औषधाचं नाव वाचण्याआधी फाइल काढा. मी स्वतः त्याच क्रमाने जाते.

पहिलं पान: कॅन्सर नक्की कुठला

‘लिव्हर कॅन्सर’ म्हणून सांगतात त्यातले कितीतरी मुळात लिव्हरचे नसतात. मोठ्या आतड्यातून किंवा स्वादुपिंडातून तिथे जाऊन बसलेले असतात. पित्तनलिकेचा कॅन्सर आणखी वेगळा. या लेखात मी बोलतेय तो हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे लिव्हरच्या स्वतःच्या पेशींचा. रिपोर्टवर बहुतेक वेळा ‘एचसीसी’ असं लिहिलेलं असतं. ते शब्द दिसले नाहीत तर एचसीसीची बातमी तुमच्या कामाची नाही.

फाइलीत बायोप्सी नसेल तर लगेच घाबरू नका. सिरॉसिस (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं) असलेल्या माणसात हा कॅन्सर फक्त ट्रायफेजिक सीटी किंवा एमआरआयवरूनही ठरवता येतो. डाय सोडल्यावर गाठ धमनीच्या टप्प्यात चमकते आणि पुढच्या टप्प्यात भोवतालच्या लिव्हरपेक्षा काळी पडते. रिपोर्टमध्ये ‘वॉशआउट’ म्हणतात ते हेच.

दुसरं पान: लिव्हर किती शिल्लक आहे

खरी मेख इथे आहे. एचसीसीच्या बहुतेक पेशंटना दोन आजार असतात, एक गाठ आणि दुसरा आधीपासून खराब झालेलं लिव्हर. बातमी गाठीबद्दल बोलते, ट्रायलचं दार मात्र लिव्हर बघून उघडतं. त्यासाठी चाइल्ड-प्यू नावाचा स्कोअर आहे. घरच्या घरी काढता येतो, आणि काढाच.

पाच गोष्टी, प्रत्येकीला १ ते ३ गुण. बिलीरुबीन २ च्या आत असेल तर १, २ ते ३ असेल तर २, त्याच्या वर ३. अल्ब्युमिन ३.५ च्या वर असेल तर १, २.८ ते ३.५ असेल तर २, त्याखाली ३. पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) १.७ च्या आत असेल तर १, पुढे वाढत जातं. पोटात पाणी नसेल तर १, थोडं असेल तर २, बरंच असेल तर ३. शेवटची गोष्ट रक्तात दिसत नाही: रात्री टक्क जागे, दिवसा पेंग, बोलण्यात घोळ, हात थरथरतात, असं काही आहे का? नसेल तर १. बेरीज ५-६ आली तर ‘ए’, ७ ते ९ ‘बी’, १० आणि त्याच्या पुढे ‘सी’.

आता आमच्या नात्यातल्या काकांचे कागद बघा. बिलीरुबीन २.४, म्हणजे २. अल्ब्युमिन ३.१, पुन्हा २. आयएनआर १.४, १. सोनोग्राफीत थोडं पाणी, २. बोलणं-चालणं लख्ख, १. एकूण ८, म्हणजे ‘बी’. त्यांच्या मुलाने मला पाठवलेली बातमी होती अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या जोडीची. त्या औषधांचा पाया असलेली ट्रायल आयएमब्रेव्ह १५०; २०२० साली निकाल छापून आला, ५०१ पेशंट. सोराफेनिब या जुन्या औषधावर मध्यक आयुष्य १३.४ महिने, या जोडीवर १९.२, असं पुढच्या हिशेबात निघालं. पण त्या ट्रायलमध्ये प्रवेश फक्त चाइल्ड-प्यू ‘ए’ ला होता. काकांना हे औषध देताच येणार नाही, असा याचा अर्थ नाही. ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. एवढंच की १९.२ हा आकडा काकांसारख्यांवरून आलेला नाही. तो त्यांना चिकटवू नका.

तिसरं: दारावरची यादी

प्रत्येक ट्रायलच्या लेखात कोणाला घेतलं आणि कोणाला वगळलं याचा एक परिच्छेद असतो. लोक तो सोडून थेट निकालावर उडी मारतात. मी उलटं करते, निकाल झाकून आधी तोच वाचते. तपासण्या करून ज्यांना आत घेता येत नाही त्यांना आम्ही ‘स्क्रीन फेल’ म्हणतो. शब्द रांगडा आहे, पण हिशेब कळतो: निकाल फक्त आत गेलेल्यांचा असतो.

आयएमब्रेव्ह १५० मध्ये औषध सुरू करण्याआधीच्या सहा महिन्यांत दुर्बिणीची तपासणी झालेली असणं बंधनकारक होतं. कारण सरळ आहे. सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि बेव्हॅसिझुमॅबने रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून काकांच्या मुलाला मी पहिला प्रश्न विचारला तो दुर्बीण कधी झाली हा. हिमालया नावाच्या दुसऱ्या मोठ्या ट्रायलमधल्या जोडीत, ट्रेमेलिमुमॅब आणि ड्युरव्हॅलुमॅबमध्ये, बेव्हॅसिझुमॅब नाही, त्यामुळे तिथे दुर्बिणीची अट नव्हती. पण गाठ मुख्य पोर्टल शिरेत (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या शिरेत) शिरलेल्यांना हिमालयाने घेतलं नाही; आयएमब्रेव्हने घेतलं होतं. सीटीच्या रिपोर्टात पोर्टल व्हेनबद्दल जी ओळ असते तिच्याखाली पेनाने रेघ मारून ठेवा, कुठल्याही ओपीडीत तीच आधी विचारतात.

आकडे वाचताना

मध्यक म्हणजे त्यातले अर्धे त्याआधी गेले आणि अर्धे त्यानंतरही होते. ‘काकांकडे १९ महिने आहेत’ असा त्याचा अर्थ कुणी काढला तर त्याला थांबवा. शिवाय एकट्या मध्यकावर भागत नाही. हिमालयात मध्यक १६.४ महिने विरुद्ध १३.८ होता, ऐकायला किरकोळ फरक. पाच वर्षांनी मात्र नव्या जोडीवरचे १९.६ टक्के लोक हयात होते आणि सोराफेनिबवरचे ९.४ टक्के. दोन्ही आकडे खरेच. इम्युनोथेरपीत (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या अशा औषधांत) बहुतेकांना बेताचा आणि थोड्यांना भरभक्कम फायदा होतो, आणि तो किती महिन्यांनी किती लोक हयात आहेत हे दाखवणाऱ्या आलेखाच्या शेपटीत दिसतो. चेकमेट ९डीडब्ल्यू या ट्रायलमध्ये (निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब, २३.७ विरुद्ध २०.६ महिने) सुरुवातीच्या महिन्यांत नव्या जोडीची रेघ खाली होती, पुढे जाऊन ती वर चढली. म्हणून लेखातला आलेख उघडून बघा, रेघा कुठे एकमेकींना कापतात ते. बातमीत तो नसतो.

‘अमुक टक्के धोका कमी’ हे वाक्य मला विशेष डोकेदुखी देतं. ऑपरेशन किंवा अब्लेशननंतर (सुई घालून गाठ जागीच नष्ट केल्यावर) कॅन्सर परतू नये म्हणून अटेझोलिझुमॅब-बेव्हॅसिझुमॅब द्यायची ट्रायल होती, आयएमब्रेव्ह ०५०. २०२३ मध्ये मथळे आले की परतण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी. २०२४ मध्ये जास्त काळाचा हिशेब मांडला तेव्हा तो फायदा टिकला नव्हता. पहिली बातमी अजून ग्रुपवर फिरतेय. दुसरी मला एकाही नातेवाइकाने पाठवलेली नाही. म्हणून कुठलीही बातमी हाती आली की ट्रायलचं नाव घेऊन पुढच्या वर्षी काय झालं ते शोधायचं, एवढी सवय लावून घ्या. ‘अंतरिम विश्लेषण’ (ट्रायल पुरी होण्याआधी मधेच काढलेला हिशेब) हे शब्द दिसले तर नक्कीच.

‘ट्रायल अयशस्वी’ म्हणजे औषध निरुपयोगी असंही समजू नका. सोराफेनिबनंतर पेम्ब्रोलिझुमॅब देऊन बघणाऱ्या कीनोट-२४० मध्ये १३.९ विरुद्ध १०.६ महिने निघाले आणि ती नापास ठरली, कारण आधी ठरवलेली संख्याशास्त्रीय रेष ओलांडली गेली नाही. आशियात केलेल्या कीनोट-३९४ मध्ये १४.६ विरुद्ध १३.० निघाले, फरक त्याहून कमी, आणि ती पास झाली. यावर मी काय बोलणार!

दुर्मिळ केस वाचायची वेळ

आता दारावरून परत गेलेल्यांकडे वळू. आयएमब्रेव्ह १५० ने फायब्रोलॅमेलर नावाचा प्रकार स्पष्टपणे वगळला होता. हा बहुधा तरुणांना होतो, सिरॉसिस नसताना होतो आणि एएफपीची (एचसीसीत बऱ्याचदा वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी बऱ्याचदा नॉर्मल येते. अशा पेशंटसाठी मोठ्या ट्रायलचा आकडा नाहीच. छोट्या मालिका आणि एकेका पेशंटचे वृत्तांत हाच आधार. तेव्हा ‘केस रिपोर्ट’ म्हटल्यावर नाक मुरडू नका. न्यूयॉर्कच्या एलाना सायमनला बाराव्या वर्षी हाच कॅन्सर झाला होता. पुढे शाळेत असतानाच ती तिच्या वडिलांच्या, रॉकफेलर विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत यावर काम करू लागली. २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखात १५ गाठी तपासल्या होत्या आणि पंधराच्या पंधरांत एकच बिघाड सापडला: डीएनएजेबी१ आणि पीआरकेएसीए ही दोन जनुकं जोडली गेलेली. संख्या लहान, पण सगळ्यांत तेच. तुमच्या घरचा पेशंट पस्तिशीचा असेल, सिरॉसिस नसेल आणि रिपोर्टवर नुसतं एचसीसी लिहिलं असेल, तर पॅथॉलॉजिस्टने या प्रकाराचा विचार केला होता का, हे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

एका पेशंटचा वृत्तांत वाचताना मी तीन ठिकाणी बोट ठेवते. निदान कशावरून पक्कं केलं? बायोप्सी होती की अंदाज? त्याच काळात आणखी काय काय चालू होतं? आणि किती महिने पाठपुरावा केला? गाठ आपोआप विरल्याचे वृत्तांत एचसीसीत खरोखर आहेत, खोटे नाहीत. पण ते छापले गेले ते दुर्मिळ म्हणूनच. ज्यांची विरली नाही त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही. त्याच वृत्तांतात ‘पेशंट अमुक रस घेत होता’ अशी ओळ असली तर ती औषधाची जाहिरात होऊन फिरते.

इथे गुळवेलीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटमध्ये लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं आणि २०२१ मध्ये ते छापलं. सहाच पेशंट. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांचा ४३ पेशंटचा अभ्यास आला. छोट्या मालिकेचं काम हेच असतं, घंटा वाजवायचं. म्हणून काढे, चूर्णं, ‘इम्युनिटी’च्या गोळ्या, सगळं नावानिशी फाइलीत लिहून ठेवा. लपवू नका, आम्ही ओरडत नाही. (ओरडतो, पण कमी.)

आणि डॉक्टर म्हणाले की तुमच्याच पेशंटवर लेख लिहायचा आहे, तर त्यासाठी वेगळी लेखी संमती लागते. नाव, चेहरा, फाइल नंबर काही दिसणार नाही ना, ते विचारा आणि छापल्यावर प्रत मागून घ्या.

ट्रायल शोधायची असेल तर

भारतातल्या ट्रायल्सची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर असते. जून २००९ पासून ती सक्तीची आहे. शोध फुकट आहे. आजाराचं पूर्ण नाव इंग्रजी स्पेलिंगने टाका, मग ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ आहे का बघा. पानाच्या मध्यावर केंद्रांची यादी, शहर आणि मुख्य डॉक्टरांचा संपर्क असतो. प्रवेशाच्या अटीही तिथेच. चाइल्ड-प्यूचा आकडा, ईसीजीचा नव्हे तर ‘ईसीओजी’चा आकडा (पेशंट स्वतःचं स्वतः किती करू शकतो, ० किंवा १ लागतो बहुधा), हिपॅटायटिस बी आणि सीचे रिपोर्ट, दुर्बिणीची तारीख, पोर्टल व्हेनची ओळ, आधी टेस (धमनीतून गाठीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करणं) किंवा इतर उपचार झालेत का. हे एका कागदावर लिहून मग फोन करा. आमच्यासारख्या कोऑर्डिनेटरला दहा मिनिटांत सांगता येतं की बोलावण्यात अर्थ आहे की नाही, आणि आजारी माणसाची सोलापूर-पुणे फेरी वाचते.

ट्रायलचं औषध द्यायला कोणी पैसे मागितले तर तिथून उठा. संमतीपत्र घरी नेऊन वाचायचा हक्क आहे, मराठीत मिळण्याचाही. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार मोफत मिळाले पाहिजेत, आणि इजा ट्रायलमुळेच झाल्याचं ठरलं तर भरपाईही. मधूनच सोडता येतं, कारण सांगावं लागत नाही. शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो, तो फोनमध्ये सेव्ह करा. सहीखालची तारीख पेशंटने स्वतःच्या हाताने घालायची, आणि सह्या झालेली एक प्रत मागून त्याच फाइलीत लावायची.