सौना आणि बर्फाची डुबकी: नवख्यांनी या चुका टाळा

फिनलंडमधल्या तांपेरेतला माझा पहिला हिवाळा. ऑफिसातली मंडळी सौनाला, म्हणजे दगड तापवून गरम केलेल्या खोलीत घाम काढायला निघाली, मीही गेलो. आत लाकडी बाकांच्या तीन पायऱ्या. सगळे वर बसले म्हणून मीही वर चढलो, गळ्यातली सोन्याची साखळी तशीच ठेवून. चार मिनिटांत साखळी चटके देऊ लागली. शेजारी सत्तरीचे एक आजोबा निवांत बसले होते, त्यांच्या आधी कसं उठायचं? अखेर ते उठले, पाठोपाठ मी ताडकन उठलो आणि दाराशी डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनीच दंडाला धरून बाहेर बसवलं.

बहुतेक नवशिके इथेच फसतात. घड्याळ लावून किंवा शेजाऱ्याकडे बघून बसतात. फिनलंडमध्ये हाइनोला गावात १९९९ पासून खरोखर सौनाची जागतिक स्पर्धा व्हायची. तापमान ११० अंश, जो शेवटपर्यंत बसेल तो जिंकला. २०१० च्या अंतिम फेरीत एका स्पर्धकाचा मृत्यू झाला आणि स्पर्धा कायमची बंद पडली. रोजच्या सौनात मात्र कोणी कोणाची मिनिटं मोजत नाही. नको वाटलं की माणूस उठतो, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

पहिले काही दिवस खालच्या बाकावर बसा. गरम हवा वर चढते, त्यामुळे वर ८०-९० अंश असले तरी खाली बरंच सुसह्य असतं. पाच ते आठ मिनिटं पुरतात. उठण्याआधी मिनिटभर पाय खाली सोडून बसा, म्हणजे माझ्यासारखी अंधारी येणार नाही. साखळी, कडं, अंगठी, मंगळसूत्र बाहेर काढून ठेवा, धातूच्या काड्यांचा चष्माही. भरल्या पोटी जाऊ नका, उपाशीही नको. आधी-नंतर पाणी प्या. दारू पिऊन तर मुळीच जाऊ नका.

दगडांवर पाणी टाकून जी वाफ उठते तिला फिनिश लोक लोयलु म्हणतात. तिथे सगळा जीव या वाफेत. पण भारतातल्या जिममध्ये किंवा सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये असलेला प्रत्येक हीटर पाणी टाकण्यासाठी बनवलेला नसतो, आधी विचारा. चालत असेल तर अर्धा डाव पाणी टाका आणि थांबा. निलगिरीचं तेल थेट दगडांवर ओतणारे महाभाग मी पाहिलेत. ते पेट घेऊ शकतं. दोन थेंब बादलीभर पाण्यात टाकले तरी वास दरवळतो.

आता गार पाणी. इथली चूक जिवावर बेतू शकते, म्हणून जरा सविस्तर. अंग अचानक थंड पाण्यात गेलं की आपोआप श्वासाचा मोठा आचका येतो, पाठोपाठ धाप लागते, नाडी आणि रक्तदाब उसळतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट छातीत जातं. म्हणून उडी नाही. शिडीने उतरा, कठडा धरा, मान वर ठेवा आणि श्वास सावकाश बाहेर सोडत राहा. पहिलं अर्धं मिनिट सगळ्यात वाईट, मग धाप ओसरू लागते. ती ओसरलीच नाही तर बाहेर या. व्हिडिओ बघून काही जण पाण्यात भराभर खोल श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, गुदमरल्याची जाणीवच होत नाही आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडू शकतो. हा प्रकार पाण्यात नको, पाण्यात शिरण्याआधीही नको. आणि एकट्याने कधीच नको.

पुण्यातल्या माझ्या मित्राने उन्हाळ्यात ड्रम भरला आणि फोन केला, "अरे, बर्फाच्या दोन लाद्या टाकल्या, पाच मिनिटं बसलो!" बोलताना दात वाजत होते. मी म्हटलं, "कशाला? पंधरा अंश खूप झाले तुला." हिशेब सोपा आहे. टाकीचं पाणी ३० अंशांवर असेल तर दीडशे लिटर पाणी १५ अंशांवर आणायला साधारण २४ किलो बर्फ लागतो, ५ अंशांवर न्यायला जवळजवळ दुप्पट. थर्मामीटर टाकून बघा, अंदाजाने लाद्या टाकू नका. सुरुवातीला अर्धं ते एक मिनिट बास.

बाहेर आल्यावरही शरीराचं आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं. लगेच कढत शॉवरखाली उभं राहिलात तर भोवळ येऊ शकते. अंग कोरडं करा, कपडे घाला, थोडं चाला. पुढच्या फेरीआधी दहा मिनिटं नुसतं बसा. नवखे नेमकं हेच बसणं गाळतात, आणि मला विचाराल तर सौनाची खरी मजा त्याच दहा मिनिटांत आहे.

दंड-मांड्या भरण्यासाठी वजनं उचलत असाल तर व्यायामानंतर लगेच डुबकी मारू नका. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात बारा आठवडे व्यायामानंतर दहा मिनिटं १० अंशांच्या पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले. डुबकी वेगळ्या दिवशी ठेवा. घामातून 'विषारी द्रव्यं' निघतात हेही डोक्यातून काढा. काट्यावर घटलेला अर्धा किलो म्हणजे पाणी, एक तांब्या प्यायलात की ते परत येतं.

पूर्व फिनलंडमधल्या २,३१५ पुरुषांच्या पाहणीत आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले. हा आकडा वाचून लोक पहिल्याच आठवड्यात सातही दिवस जातात. ती माणसं लहानपणापासून सौनात वाढलेली होती. तुम्ही आठवड्यातून दोनदा जा, महिनाभर तेवढंच. रक्तदाब, हृदयविकार, फिट्स असतील किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. अंगात ताप असेल तर घरीच बसा.

मित्राचं गाडं आता पंधरा अंशांवर स्थिरावलंय. कारखान्यातल्या लाद्या खाण्याजोग्या नसतात, म्हणून पाण्यात तोंड बुडवत नाही आणि दर दोन दिवसांनी ड्रम रिकामा करतो. ते पाणी काकू बाल्कनीतल्या कुंड्यांना घालतात, बर्फ पुरता विरघळलाय ना हे बोट बुडवून बघून.